भरतीच्या फाटकाबाहेरचा सिनेमा

२०२४ च्या दिवाळीत, ३१ ऑक्टोबरला, ‘अमरन’ हा तमिळ चित्रपट लागला. मेजर मुकुंद वरदराजन २५ एप्रिल २०१४ रोजी काश्मीरमधल्या शोपियानमध्ये लढताना मारले गेले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हा त्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट. तो चालला आणि त्याच्याबरोबर एक वादही चालला. मुकुंद ब्राह्मण कुटुंबातले होते, मग पडद्यावर ते का दाखवलं नाही, असा तो वाद. दिग्दर्शक राजकुमार पेरियसामी यांनी खुलासा केला की मुकुंद यांची ओळख फक्त भारतीय अशीच राहावी, ही कुटुंबाचीच इच्छा होती.

वाद तिथे विझला. पण मुकुंद यांना कमिशन मिळालं होतं ते राजपूत रेजिमेंटमध्ये. नायकाची जात सांगावी की सांगू नये यावर एवढी शाई सांडली, तरी पलटणीच्या नावातच लिहिलेल्या जातीबद्दल त्या गदारोळात कुणी बोलताना मला दिसलं नाही. माणसाच्या नावापुढे आली की ती जात, आणि पलटणीच्या पाटीवर आली की ती परंपरा, असा आपल्याकडचा हिशेब आहे. सैन्यात भरती होणाऱ्या मुलांवरचे आपले बहुतेक सिनेमे याच हिशेबावर उभे आहेत.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. त्यासाठी तंजावर जिल्ह्यातल्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांत माझं येणंजाणं असतं. मराठी माणसाला तंजावर म्हटलं की व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं, बृहदीश्वर मंदिरातला मराठी शिलालेख आठवतो. ते सगळं शहरात आहे. गावांचं वर्णन वाचायचं तर आंद्रे बेतेय यांच्याकडे जावं लागतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी याच जिल्ह्यातल्या एका गावाला ‘श्रीपुरम’ हे टोपणनाव देऊन तिथली रचना मांडली: ब्राह्मणांचं अग्रहारम, मधल्या जातींची वस्ती आणि या दोन्हींपासून वेगळी दलितांची चेरी. अग्रहारमातली घरं शहरांकडे निघाल्याचं त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. चेरी मात्र आजही बहुतेक ठिकाणी चेरीच्याच जागी आहे.

त्या चेरीतून पहाटे साडेचारला पोरं पळायला निघतात. सांबाच्या हंगामात शेतांत पाणी भरलेलं असतं, बांध घसरतात, म्हणून डांबरी रस्त्यावर पळतात. दिवसा तंजावरच्या हवाई तळावरची सुखोई विमानं याच रस्त्यांवरून जातात. पहाटे रस्ता या पोरांचा असतो. एकजण मोबाइलवर वेळ लावतो, बाकीचे १६०० मीटर मारतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र नवं नाही. सातारा, सांगली, बीड, बुलढाणा, कुठेही पहाटे एसटीतून जा, ही पोरं दिसतात. आपल्याकडे याला ‘ग्राउंड करणं’ म्हणतात. ‘काय करतो तुमचा मुलगा?’ ‘भरती करतो.’ दहावी-बारावी झाल्यापासून ओव्हरएज होईपर्यंतच्या सगळ्या वर्षांना आपण हेच एक उत्तर देतो. पहिल्यांदा पदवीधर झालेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात एक भाऊ, एक मामेभाऊ असा आहे, ज्याची ती वर्षं ग्राउंडवर गेली. आपण पदवी घेतली, त्याने टायमिंग काढलं.

त्याच्यावर सिनेमा नाही. सैनिक घडण्यावरचा सिनेमा फाटकापासून सुरू होतो. ट्रकमधून मुलं उतरतात, न्हावी सगळ्यांचे केस सारखे कापतो, उस्ताद पहिली शिवी हासडतो. मग चिखल, पाऊस, रात्रीची शिक्षा, पाठीवरचं ओझं. एक मुलगा कच्चा असतो, एक उद्धट असतो. शेवटी परेड, टोप्या हवेत आणि आईबापाच्या डोळ्यांत पाणी. दूरदर्शनवरच्या ‘फौजी’पासून (१९८९) ही चौकट आपल्याला पाठ आहे. ‘लक्ष्य’मधला (२००४) करण शेरगिल हा दिल्लीतल्या पैसेवाल्या घरातला मुलगा. आयुष्यात काय करायचं ते कळत नाही म्हणून तो डेहराडूनच्या अकादमीत जातो, झेपत नाही म्हणून पळून घरी येतो आणि नंतर पुन्हा जातो. चित्रपट म्हणून तो चांगलाच आहे. पण ज्याला परत यायला घर आहे, त्याची ती गोष्ट आहे. चेरीतल्या मुलाला लक्ष्य सापडत नाही असं कधीच होत नाही. त्याच्यापुढे ते एकच असतं.

या चौकटीचा गाभा म्हणजे बराकीतली समता. फाटकाच्या आत सगळे सारखे, असा तिचा दावा. तो फक्त आपल्याकडचा नाही. स्टॅनली कुब्रिक यांच्या ‘फुल मेटल जॅकेट’मध्ये (१९८७) अमेरिकी मरीन सैनिकांचा शिक्षक नव्या पोरांना बजावतो की इथे काळा-गोरा भेद नाही, सगळे सारखेच कवडीमोल. शिवीतली ही समता खरीच असते. पण फाटकापर्यंत कोण आलं, हे फाटकाबाहेर ठरलेलं असतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात कॉलेजात शिकणाऱ्यांना सक्तीच्या भरतीतून सवलत मिळत होती. दुसरीकडे १९६६ पासून संरक्षणमंत्री मॅकनमारा यांच्या योजनेत भरतीचे निकष खाली आणून तीन लाखांहून अधिक तरुण घेतले गेले. ते मुख्यतः गरीब होते आणि त्यांत काळ्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. बराकीत सगळे सारखे होते, कारण वेगळे होते ते बराकीत आलेच नव्हते.

मराठी घरांत हा विषय निघाला की ‘प्रहार’चं (१९९१) नाव येतं. भाषा हिंदी असली तरी तो आपण आपलाच मानतो. दिग्दर्शक आणि नायक नाना पाटेकर यांनी त्यासाठी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर प्रशिक्षण घेतलं होतं. मेजर चव्हाण कमांडो घडवतो. त्यातला पीटर डिसोझा हा मुंबईतल्या बेकरीवाल्याचा मुलगा. मोहिमेत पीटरचे पाय जातात, घरी आल्यावर हप्ता मागणाऱ्या गुंडांच्या हातून तो मरतो, आणि चव्हाण त्या गुंडांना संपवतो. त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. शेवटी त्याच्या नजरेसमोर नागडी पोरं धावताना दिसतात. अंगावर कपडाच नसेल तर धर्म, जात, पैसा काहीच दिसणार नाही. सगळ्यांना एका रांगेत पळवा, म्हणजे नवा समाज घडेल, असं तो चित्रपट सांगतो.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे. त्याच बेळगावात १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. ‘प्रहार’ आपल्याला फाटकाच्या आतली गोष्ट सांगतो. या दुसऱ्या पलटणीची गोष्ट फाटकाचीच आहे, आणि तिच्यावर सिनेमा काढायचा तर कथानक शोधत बसावं लागणार नाही. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरेगावच्या स्तंभावर आहेत. मग इंग्रजांना ‘लढवय्या जाती’चा शोध लागला आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. ज्यांनी लढून दाखवलं होतं, त्यांना तुम्ही लढवय्ये नाही असं कागदावर सांगितलं गेलं. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे फाटक पक्कं उघडायला जवळपास पन्नास वर्षं गेली.

एवढी वर्षं एका नोकरीसाठी अर्ज का लिहिले गेले, हे नीट समजून घ्यायला हवं. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळत होतं. गावात ज्याला शाळेच्या ओसरीवर चढता येत नव्हतं, त्याला छावणीत अक्षरं मिळाली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत होते, मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरात पुस्तकं होती, आणि निवृत्तीनंतर मुलाला शिकवायला पेन्शन होती. भीमराव हा महूच्या छावणीत जन्मलेला मुलगा. आपल्या शिक्षणाची वंशावळ काढायला बसलं तर अनेक घरांत ती एखाद्या पेन्शनीपाशी पोचते.

तमिळ प्रदेशातही हेच घडलं. जुन्या मद्रास सैन्यात परैयार शिपाई बरेच होते. मद्रासचे आणि नंतर भारताचे सरसेनापती झालेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या मते दक्षिणेकडची माणसं लढाईच्या कामाची नव्हती. त्या धोरणात मद्रास सैन्य आक्रसत गेलं. जानेवारी २०२४ मध्ये आलेला अरुण मातेश्वरन यांचा ‘कॅप्टन मिलर’ या आठवणीच्या जवळ जातो. ज्या देवळात आपल्या लोकांना पाऊल टाकता येत नाही त्या गावातला ईसा, धनुषने केलेला, मान मिळेल म्हणून इंग्रजांच्या सैन्यात जातो. त्याला बूट मिळतात, नवं नाव मिळतं, आणि मग आपल्याच माणसांवर गोळ्या झाडायचा हुकूम मिळतो. पुढचा चित्रपट बंदुकांच्या आवाजात हरवतो, हे खरं. तरी त्याने एक प्रश्न विचारला आहे, जो ‘अमरन’ विचारत नाही आणि ‘प्रहार’ला सुचत नाही: गणवेश कुणाला कशासाठी हवा असतो, आणि त्याची किंमत कोण मोजतो?

आता त्या नागड्या धावणाऱ्या मुलांकडे परत येऊ. कपडे उतरवले की जात दिसत नाही, हे खरं आहे का? जनरल ड्युटी शिपायासाठी तमिळनाडूच्या मुलाची उंची १६६ सेंटिमीटर लागते, महाराष्ट्राच्या मुलाची १६८. छाती ७७, आणि फुगवल्यावर ५ सेंटिमीटर जास्त. पळण्याचे पूर्ण ६० गुण हवे असतील तर १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत. नियम सगळ्यांना एकच. पण उंची एकट्या मुलाची नसते. आई गरोदर असताना काय जेवली, पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाला दूध-डाळ किती मिळाली, जुलाबाने किती वेळा आजारी पडला, हे सगळं मोजपट्टीवर उतरतं. चेरीतल्या एका मुलाने मला विचारलं, ‘‘अक्का, दोन सेंटिमीटरसाठी काय करता येतं?’’ झाडाला लोंबकळल्याने उंची वाढते असं कुणीतरी सांगितल्यामुळे तो रोज लोंबकळत होता. त्याचं घर भाताच्या कोठारात आहे. कावेरीच्या या प्रदेशाला तमिळनाडूचं धान्यकोठार म्हणतात. याच कोठारात, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावी, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलितांना जाळून मारलं गेलं. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. मजुरांनी मजुरी वाढवून मागितली होती, त्यावरून पेटलेल्या संघर्षातलं हे हत्याकांड. भाताच्या मजुरीचा तो इतिहास आजच्या मुलाच्या उंचीत नाही, असं म्हणायला मी धजणार नाही. नागडं शरीरही आपली जात सांगतं. मोजपट्टी ती सेंटिमीटरमध्ये लिहून घेते.

मग ‘अग्निपथ’ आलं. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली. त्याआधी दोन वर्षं कोविडमुळे भरती बंद होती. कितीतरी पोरं त्या दोन वर्षांत पळत राहिली आणि वयातून बाहेर गेली. त्यावर त्या एका वर्षापुरती वयोमर्यादा २१ वरून २३ केली, एवढंच. योजनेत नोकरी चार वर्षांची, पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के निधीत कापून. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे ठेवणार. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपये देऊन घरी पाठवणार, पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली, तिची चार वर्षं आता संपत येतात.

या योजनेतलं एक कलम आपण लक्षपूर्वक वाचायला हवं. भरती ‘ऑल इंडिया, ऑल क्लास’ तत्त्वावर होईल, असं सरकारने जाहीर केलं. म्हणजे जातीच्या-प्रांताच्या नावाच्या पलटणींत सगळीकडची मुलं. जातिविरोधी चळवळीने याचं स्वागतच करायला हवं. जातवार पलटणी ही इंग्रजांची वर्गवारी होती, ती मोडलीच पाहिजे. पण वेळ पाहा. सर्वांसाठी दार उघडताना आतली कायम नोकरी आणि पेन्शन काढून घेतली. रामजी सकपाळांच्या पेन्शनीने जे केलं, ते चार वर्षांचा अग्निवीर आपल्या मुलासाठी कशाच्या जोरावर करणार? त्याला तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पुन्हा रांगेत उभं राहायचंय, या वेळी पोलिसात, निमलष्करी दलात किंवा एखाद्या कंपनीच्या गेटवर.

आपल्यातले काहीजण यावर म्हणतील की बरंच झालं, कशाला हवं लष्कर? राज्यसंस्थेच्या बंदुकीला आपलीच पोरं कशाला? या युक्तिवादात तथ्य आहे, ‘कॅप्टन मिलर’ तेच सांगतो. पण तो आपण कुणाला ऐकवतोय? विद्यापीठाची फेलोशिप घेणाऱ्या मी, चेरीतल्या किंवा बीडमधल्या वस्तीतल्या मुलाला त्याचं स्वप्न चुकीचं आहे हे सांगणं, हा एक नवा ब्राह्मणी तोराच होईल. त्याच्यापुढे दुसरं कायम पगाराचं दार मला दाखवता येत नसेल, तर आहे त्या दाराच्या अटींवर बोलणं हे माझं काम. आणि अटींवर बोलायचं तर आधी त्या दिसल्या पाहिजेत. सिनेमा दाखवू शकतो ते हे.

तसं करणारा चित्रपट नुकताच आला, पण तो लष्कराचा नाही, पोलिस भरतीचा. नीरज घेवान यांचा ‘होमबाउंड’, सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे लागला. बशारत पीर यांच्या २०२० मधल्या लेखावर तो बेतलेला आहे. शोएब आणि चंदन, एक मुसलमान आणि एक दलित, दोघांनाही शिपाई व्हायचंय. त्यांना फाटकाच्या आत गेलेलं आपण पाहतच नाही. दिसते ती परीक्षेला निघालेल्या पोरांची स्टेशनवरची गर्दी, लांबलेला निकाल, आणि पूर्ण नाव विचारल्यावर अडखळणारा चंदन. गणवेशाने मान मिळेल, मग कुणी आडनाव विचारणार नाही, एवढीच त्यांची आशा. मग टाळेबंदी येते. घेवान यांनी कॅमेरा फाटकाबाहेर ठेवला आणि अचानक सगळं दिसू लागलं.

लष्कराच्या प्रशिक्षणावर यापुढे जे चित्रपट येतील, त्यांच्याकडून माझी मागणी एवढीच आहे. पहिलं दृश्य न्हाव्याच्या कात्रीचं नको. अकॅडमीची फी भरायला गहाण ठेवलेली बोरमाळ दाखवा, मेडिकलला ‘अनफिट’ शिक्का बसलेला मुलगा गावात कसा परततो ते दाखवा, मोजपट्टी दाखवा. जात दाखवायची की नाही हा वाद नायकाच्या आडनावावर घालण्यापेक्षा पलटणीच्या पाटीवर घाला.

आणि एक काम आपलं, पदवी हातात असलेल्यांचं. ‘लक्ष्य’ आणि ‘अमरन’ हे अधिकाऱ्यांचे सिनेमे आहेत. अधिकारी व्हायला पदवी लागते, आणि ती आपल्याकडे आहे. सीडीएसची परीक्षा वर्षातून दोनदा होते. एसएसबीच्या मुलाखतीची तयारी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात मोफत करून घेतात. बारावीनंतर एनडीएला जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे. सैन्यात आरक्षण नाही, म्हणून आपल्यासाठी हे नाहीच, असं धरून आपले पदवीधरही शिपायाच्या रांगेत उभे राहतात. महार रेजिमेंटने देशाला के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले. पलटणीला ज्यांचं नाव आहे, त्यांच्यातला कुणी त्या खुर्चीवर अजून बसायचा आहे. वस्तीतल्या पळणाऱ्या पोरांमध्ये जो बारावीला आहे, त्याला या आठवड्यात गाठा आणि एनडीएचा फॉर्म कसा भरतात ते सांगा. त्याच्या टायमिंगबरोबर त्याचं इंग्रजीही आपण घ्यायला हवं.